लायनर कुणाचं बसवायचं

माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मी बारावीत होते. ज्या माणसामुळे तो कापावा लागला, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात आमच्यासाठी आणलेली केळी. बाबा ज्या दगडखाणीत टिपर चालवायचे तिथला खरेदी बघणारा साहेब तो. गाड्यांना कोणता पार्ट घ्यायचा, कुणाचा घ्यायचा, हे त्याच्या हातात होतं. त्याने केळी आईकडे दिली, बाबांच्या कॉटपाशी गेला, एका कागदावर त्यांची सही घेतली आणि निघून गेला. बाबा गुंगीत होते. त्या कागदावर काय लिहिलंय हे आम्हाला दहा दिवसांनी कळलं.

आमचं गाव भिवंडीजवळ, दिघाशीच्या बाजूचं. घरची थोडी भातशेती, पण बाबांचा जीव गाडीत. खाण गावापासून सायकलच्या अंतरावर होती. डोंगरावर सुरुंग लावून दगड फोडायचा, बारा चाकी टिपरमध्ये भरायचा आणि भरलेली गाडी खाली दगड भरडणाऱ्या क्रशरपर्यंत आणायची. गाडी रिकामी वर जायची आणि भरलेली खाली यायची, सगळी अवघड गोष्ट यातच होती. इतकं वजन उतारावर धरून ठेवायचं म्हणजे ब्रेक सतत तापणार. चाकाच्या ड्रमला आतून घासून चाक धरणारी जी पट्टी असते, ती लायनर. लायनर चांगलं असेल तर तापूनही धरतं. वाईट असेल तर तापलं की सोडून देतं, आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

त्या दुपारी तिसऱ्या वळणाच्या वर बाबांची गाडी ऐकेनाशी झाली. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती. खाली क्रशरच्या तोंडाशी आमच्याच गावच्या सात-आठ बायका दगड वेचत होत्या. बाबांनी हॉर्न धरून ठेवला आणि गाडी उजवीकडे, डोंगराच्या अंगावर घातली. केबिन त्या बाजूने आत चेपली. ब्रेकवर दाबून धरलेला पाय तसाच अडकला.

त्या कागदावर लिहिलं होतं, 'डिझेल वाचवण्यासाठी मी गाडी न्यूट्रलमध्ये उतरवत होतो. चूक माझी आहे.' खाली बाबांची वाकडी सही. न्यूट्रलमध्ये गिअर सुटलेला असतो, इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

"मी न्यूट्रल मारला न्हाय," बाबा म्हणाले. ते एवढंच म्हणायचे. आईला, मला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. पहिले काही महिने लोक मान हलवायचे. मग गावात त्यांना 'न्यूट्रल' म्हणायला लागले. सुरुवात बाकीच्या ड्रायव्हरांनी केली, मग नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी. बाबा पुढे कशेळीच्या एका गोदामाच्या गेटवर बसायला लागले, नकली पायावर. तिथेही गाड्या आत घेताना ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "काय न्यूट्रल, उघडतोस ना गेट?" ज्या बायकांचा जीव वाचला त्यांच्यातलीही एक एकदा आमच्या आईला म्हणाली, "डिझेलसाठी कशाला एवढं करायचं बाई."  मी त्या दिवशी ठरवलं की त्या माणसाला मी सोडणार नाही.

आजही मला हे सांगताना लाज वाटत नाही. मी त्याला काय काय करायचं हे रोज ठरवायचे. भात निवडताना, बसमध्ये, परीक्षेचा पेपर लिहितानासुद्धा.

खाणीचा मिस्त्री भिवंडीतल्या निजामपुऱ्यात राहायचा. बाबांच्या गाडीला ती लायनर त्यानेच बसवली होती, म्हणून मी त्याला शोधत गेले. दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागे. मी त्याला चाचा म्हटलं.

"चाचा, ब्रेक का लागले नाहीत?"

चाचा उठला. मग आत गेला आणि फडक्यात बांधलेला एक तुकडा घेऊन आला. काळपट, बोटभर जाडीचा. त्याने तो अंगठ्याने दाबला, तर कडेचा भुगा झाला.

"ये लायनर नहीं, बिस्कुट है," तो म्हणाला. "डब्बा असली था बेटी, अंदर का माल नकली. मैंने साहब को दिखाया."

"मग?"

"बोले, फिट करो. गाडी खडी नहीं रहनी चाहिए."

"हे लिहून द्याल तुम्ही?"

त्याने तुकडा परत फडक्यात बांधला. "मेरी चार लडकियाँ हैं," तो म्हणाला.

मी निघून आले. वाटेत त्याचाही राग आला, साहेबाइतकाच. पण घरी जाऊन विचार केला की, चाचाने तो तुकडा टाकून का दिला नाही? पुढच्या आठवड्यात मी परत गेले आणि म्हटलं, "साक्ष नका देऊ. मला शिकवा."

चाचाने मला चार वर्षं शिकवलं. मी कॉलेजात मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होते, तिथे जे फळ्यावर होतं ते चाचाकडे हातात मिळायचं. नवं लायनर हातात घेऊन तोलायचं कसं. खऱ्याचा आणि खोट्याचा वास कसा वेगळा येतो, रिव्हेटचं भोक खोट्या मालात कसं किंचित तिरकं असतं. हायड्रॉलिकचा पाईप वाकवून आतून काय आवाज येतो. चाचा म्हणायचा, "पार्ट को पूछ, वो बोलेगा." मी कधी हसले नाही की गप्पा मारल्या नाहीत. चाचाला माहीत होतं मी कशासाठी शिकतेय. एकदाच तो म्हणाला, "गुस्से से हाथ काँपता है, काम बिगडता है." मी म्हटलं, "माझा कापत नाही." आणि खरंच कापत नव्हता.

डिप्लोमा झाल्यावर कशेळीला अवजड गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात नोकरी धरली. तिथून एका ठेकेदार कंपनीच्या भिवंडीतल्या ऑफिसात आले. या कंपनीचे टिपर विदर्भातल्या कोळसा खाणींत माती आणि कोळसा ओढतात. त्या गाड्यांना कोणते पार्ट लागतील ते इथे भिवंडीत ठरतं आणि इथूनच जातात. ठरवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

हे काम लोकांना वाटतं तसं यादी बघून करायचं नाही. एकच टायर एका खाणीत वर्ष काढतं आणि दुसरीत दोन महिन्यांत फाटतं, कारण तिथला दगड सुरीसारखा फुटतो. एका खाणीत धूळ इतकी की चांगल्यातला चांगला फिल्टर चौथ्या दिवशी गुदमरतो. एके ठिकाणी उतार लांब आणि सौम्य, तिथे ब्रेकपेक्षा इंजिनाने गाडी धरणं महत्त्वाचं. दुसरीकडे उतार आखूड आणि उभा. म्हणून मी आधी फोन लावते तो ड्रायव्हरांना. साईटवरच्या इंजिनिअरला नंतर. ड्रायव्हर सांगतो, "मॅडम, सकाळी ठीक असतं, दुपारी पेडल खाली जातं." त्या एका वाक्यात मला जे कळतं ते कुठल्याच कॅटलॉगात नसतं. मी हे काम चांगलं करते. साहेबाने जे केलं त्याच्या बरोबर उलटं करत गेले, म्हणून चांगलं करते.

या सगळ्या वर्षांत मी त्याच्यावर नजर ठेवून होते. त्याने खाण सोडली, हायवेला स्वतःचं ऑफिस थाटलं, ब्रेकचे पार्ट पुरवायला लागला. त्याचा नंबर मी मिळवला होता. कधी फोन केला नाही, फक्त व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटो बघायचे. नवी गाडी, मग मुलाचं लग्न, मग कुठल्याशा समुद्रावर बायकोसोबत काळा चष्मा लावून. दोन्ही पायांवर उभा.

आणि एक दिवस तो स्वतःच माझ्या टेबलासमोर येऊन बसला.

केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण खिशाला दोन पेनं होती. कंपनीने नव्या गाड्यांसाठी ब्रेक लायनर बदलायचं ठरवलं होतं आणि तीन पुरवठादार बोलावले होते. त्यातला एक तो. माझं आडनाव आमच्या भागात घरोघरी आहे, त्याला काहीच ओळख लागली नाही.

"मॅडम, आमचा माल एकदा वापरून बघा," तो म्हणाला. "मी स्वतः खाणीत काम केलंय. ब्रेक म्हणजे माणसाचा जीव, हे मला कुणी सांगायला नको."

  मी त्याला चहा मागवला.

"नमुने ठेवून जा," मी म्हटलं. "तिघांचेही तपासायला पाठवते. मग गाडीला लावून उतारावर चाचणी घेऊ."

प्रयोगशाळेचे रिझल्ट आले. मी तीन वेळा वाचले. तिघांत सगळ्यात चांगली लायनर त्याची होती. तापल्यावर सगळ्यात कमी पकड सोडणारी त्याचीच.

ते मी धरून चालले नव्हते. मी धरलं होतं की तो तेच करत असेल, बिस्किटं विकत असेल आणि मी त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडीन. चौकशी केली तर कळलं, आता तो बाजारातून कुणाचा तरी चांगला माल उचलून आपल्या नावाने विकत होता आणि माझ्या हातात काही उरलं नव्हतं. दोन दिवस तसेच गेले. मग माझ्या लक्षात आलं की ही लायनर चांगली आहेत हे मला माहीत आहे. त्याला माहीत आहे का?

मी चाचणीची नोटीस काढली. त्यात एक अट घातली. आपल्या मालाची चाचणी होत असताना पुरवठादाराने स्वतः गाडीत बसायचं. एकाने विचारलं, "इंजिनिअर चालेल ना?" मी म्हटलं, "मालक हवा." जागा ठरवली ती आमच्या गावाजवळची जुनी खाण. ती आता दुसऱ्याच कुणाकडे होती, काम बंद होतं, उतार तसाच होता.

पहिल्या दोघांची चाचणी सकाळी झाली. पद्धत साधी होती. दगडांनी भरलेली गाडी पुन्हा पुन्हा उतरवायची, म्हणजे ड्रम तापत जातात. प्रत्येक फेरीत पांढऱ्या चुन्याच्या रेषेपर्यंत गाडीला वेग घेऊ द्यायचा, रेषेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी किती अंतरात थांबते ते मोजायचं. दोघंही गाडीत बसले. एकाने तर मोबाईलवर व्हिडिओ काढला.

तो दुपारी आला. गाडीतून उतरला आणि डोंगराकडे बघत राहिला.

"अरे, ही आमचीच खाण," तो म्हणाला. "मी इथे होतो, मॅडम. बरीच वर्षं."

"त्या तिसऱ्या वळणावर एक गाडी गेली होती ना?" मी विचारलं.

"गेली होती. ड्रायव्हरने न्यूट्रल मारलं." मग तो जरा जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दारुडा होता हो. दुपारीसुद्धा घेऊन यायचा."

माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हळदीत सगळं गाव पिऊन नाचत असताना ते कोपऱ्यात सोडा घेऊन बसायचे, त्यावरून मित्र त्यांची चेष्टा करायचे. इतकी वर्षं मी समजत होते की त्या कागदाने एकच खोटं सांगितलं. हे दुसरं तो फुकट वाटत फिरत होता.

"बसा गाडीत," मी म्हटलं.

चाचणीचा ड्रायव्हर पन्नाशीचा होता. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. मामा स्टिअरिंगवर, तो शेजारच्या सीटवर, मी केबिनमध्येच सीटमागच्या फळीवर, हातात तापमान मोजायचं यंत्र. पहिल्या फेऱ्या नीट झाल्या. तो मला त्याच्या मालाबद्दल सांगत होता. प्रत्येक फेरीला मी खाली उतरून ड्रमचं तापमान घ्यायचे आणि मोठ्याने सांगायचे. आकडा चढत गेला तसा त्याचा आवाज कमी झाला. सहाव्या फेरीला चाकांमधून जळका वास यायला लागला. तापलेल्या लायनरचा तसा वास येतोच, चांगल्याचाही येतो. त्याने खिडकीची काच वर केली.

शेवटच्या फेरीची रेषा मी सकाळीच स्वतः आखून ठेवली होती. बाकीच्या फेऱ्यांपेक्षा खाली, तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी. पलीकडे वळणावर खडीचा उंच ढीग आडवा टाकून घेतला होता, गाडी चुकून गेलीच तर रुतावी म्हणून. पहिल्या दोघांसाठी ती रेषा वापरली नव्हती.

गाडी उतारावर निघाली. जुनी रेषा मागे गेली.

"मामा, खालच्या रेषेवर," मी म्हटलं. मामाने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण ब्रेक दाबला नाही.

"ब्रेक का नाही लावला?" शेजारच्या सीटवरून तो म्हणाला.

"साहेब," मी मागून म्हटलं, "इथेच त्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. न्यूट्रल नव्हतं. तुम्ही आणलेली लायनर तापली आणि सुटली. मी त्याची मुलगी."

तो वळला. माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं. वळण येत होतं आणि गाडीचा वेग वाढत होता. त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"थांबवा! गाडी थांबवा!"

"थांबवायला तुमचीच लायनर आहेत," मी म्हटलं. "थांबवतील ना?"

"मला नाही माहीत!" तो ओरडला. "मला नाही माहीत कुठून येतात ते, मी फक्त डबे... थांबवा हो!"

"तेव्हा माहीत होतं?"

"होतं! मिस्त्रीने दाखवलं होतं! माहीत होतं मला!"

रेषा आली आणि मामाने ब्रेक दाबला. चाकांनी जमीन धरली, मागचे दगड गडगडले आणि गाडी जिथे थांबायला हवी होती त्याच्याही दोन हात आधी थांबली. केबिनमध्ये धूळ भरली. तो अजून डॅशबोर्डला चिकटून होता. त्याची पँट ओली झाली होती. मी ते पाहिलं, आणि त्यालाही कळलं की मी पाहिलं.

मला किती आनंद झाला हे मी लिहू शकत नाही. नुसता आनंद. खाली उतरून मी दगडावर बसले आणि पाणी प्यायले, ते पाणी गोड लागलं.

तिसऱ्या दिवसापासून त्याचे फोन सुरू झाले. रिपोर्ट काय लागला? मी म्हणायचे, अजून सही केलेली नाही. पाचव्या फोनला मी म्हटलं, "त्या दिवशी गाडीत जे बोललात ते लिहून आणा. ऑफिसात नको. आमच्या घरी आणा." ऑर्डर देईन असं मी एकदाही म्हटलं नाही. त्याने ते आपलं आपण समजून घेतलं, आणि मी समजू दिलं.

तो रविवारी सकाळी आला. बाबा ओटीवर बसले होते, पाय काढून बाजूला ठेवलेला. आईला मी आधीच सांगितलं होतं, पाणी द्यायचं नाही. शेजारचे चार-पाच जण मी मुद्दाम बोलावून बसवले होते. बाबांना 'न्यूट्रल' म्हणणारा एक जुना ड्रायव्हरही त्यात होता.

बाबा त्या माणसाला नेहमी साहेब म्हणायचे, माघारीसुद्धा. मला त्याची चीड यायची. त्या दिवशी बाबांनी त्याला वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "बस तिथं." मग म्हणाले, "वाच."

त्याने वाचलं. लायनर खोटी होती, मिस्त्रीने आधी सांगितलं होतं, गाडी न्यूट्रलमध्ये नव्हती, सही गुंगीत घेतली. आवाज इतका बारीक की बाबा म्हणाले, "मोठ्यानं वाच. माझे कान बी गेले असतील तवा." त्याने पुन्हा वाचलं. मग बाबांनी त्याला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मला वाटलं होतं बाबा रडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. ते मान एका बाजूला करून ऐकत होते, आवडीची बातमी ऐकावी तसं.

तिसऱ्यांदा संपल्यावर तो हात जोडून म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं न्हाय तुझं," बाबा म्हणाले. "तू केलंस. आता जा."

तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गाडीतली गोष्ट पुन्हा सांगायला लावली. "डॅशबोर्ड धरला व्हता ना? दोनी हातांनी?" मी सांगितलं, दोन्ही हातांनी. पँटचंही सांगितलं. बाबा इतके हसले की खोकला आला आणि आईला पाठ चोळावी लागली. मी लहान असताना हसायचे तसे. पुढचे कित्येक दिवस ते जेवताना मला ते परत सांगायला लावायचे.

सोमवारी मी रिपोर्टवर सही केली. त्याला नापास केला. कारण लिहिलं, पुरवठादाराला माल कुठून येतो हे माहीत नाही, स्वतःच्या मालाची खात्री नाही. दोन्ही खरं होतं. आज आलेला माल चांगला आहे, उद्याचा डबा कुणी भरेल हे तोही सांगू शकत नाही, असल्या माणसाचे ब्रेक मी कुणाच्या गाडीला लावणार नाही. वरच्या साहेबांनी एकदा विचारलं, प्रयोगशाळेत तर तो पहिला आहे? मी हेच सांगितलं आणि त्यांना पटलं. पण खोटं का बोलू, त्याचा माल कुठून येतो हे त्याला माहीत असतं तरी मी त्याला नापासच केला असता. दुसरं काहीतरी कारण शोधलं असतं. त्याने फोनवर मला शिव्या घातल्या. म्हणाला, "तुम्ही मला फसवलं." मी म्हटलं, "हो."

आम्ही दुसऱ्या पुरवठादाराची लायनर घेतली. ती सुरक्षित आहेत, पण थोडी लवकर झिजतात. म्हणून मी ती ठरल्या वेळेआधीच बदलायला लावते आणि साईटवरचे लोक कुरकुरतात. गावात बाबांचं नाव बदललं नाही. लोकांना खरी गोष्ट कळली, पण जिभेला सवय लागलेली. बाबा आता ओ देतात आणि म्हणतात, "बोल, पन गाडी गिअरमंदी हाय."

चाचाला सांगायला मी निजामपुऱ्यात गेले. तो आता फारसा बाहेर पडत नाही. सगळं ऐकलं, कबुलीच्या कागदाचं ऐकून मान हलवली. मग विचारलं, "गाडी में और कौन था?"

"मी. आणि मामा."

"उसको मालूम था?"

मी मान हलवून नाही म्हटलं.  लायनर थांबवतील याची मला खात्री होती, प्रयोगशाळेचा कागद होता, खडीचा ढीग होता. पण ड्रायव्हरला न सांगता, त्याच्या अंगावर वजन लादून, त्याच उतारावर, त्याच वळणावर मी त्याला नेलं होतं. मामालाही तीन मुलं आहेत.

मी वर्कशॉपला गेले. मामा गाडीखाली ग्रीस भरत होता. मी वाकून म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

तो बाहेर आला, हात पुसले.

"हवंच होतं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तरी मी आलोच असतो, ती गोष्ट वेगळी. पण विचारायचं, मॅडम."

"चुकलं."

"तुमचं काम झालं ना?"

"झालं."

"मग ती खालची रेषा पुसून टाका," मामा म्हणाला आणि परत गाडीखाली गेला.

दुसऱ्या दिवशी मी खाणीवर गेले. पाऊस नव्हता, चुना तसाच होता. मी बरोबर झाडू नेला होता, पण दगडात मुरलेला चुना झाडूने निघेना. शेवटी त्या ढिगातली खडी घमेल्याने आणून रेषेवर पसरली. दुपारपर्यंत ते काम पुरलं. डोंगर उतरताना पाय दुखत होते आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हाही जराशीसुद्धा दया नव्हती. आजही नाही.